सूर्यकांतरावांचं गॅसचं टेंडर

“विभा, ज्या माणसाने चाळीस मजली टॉवरचे पंप घासाघीस करून आणले, त्याला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे किस झाडकी पत्ती!”

सूर्यकांतरावांनी हे वाक्य चहाच्या कपावर चमचा वाजवत उच्चारलं आणि विभावरीने हातातली बशी आधी खाली ठेवली. “ज्या माणसाने” अशी सुरुवात झाली की घरावर काहीतरी कोसळतं, हे तिला संसाराच्या अनुभवाने पाठ झालं होतं. मागच्या खेपेला ‘ज्या माणसाने बॉयलर बसवले’ त्याने वॉशिंग मशीन दुरुस्त केलं होतं. ते मशीन त्यानंतर कपडे धुता धुता दिवाणखान्यापर्यंत चालत यायचं!

ही गोष्ट दोन हजार नऊ सालच्या, मंदीच्या मार्चातली. दुबईत अर्धवट टॉवरांवरच्या क्रेन जागच्या जागी थिजल्या होत्या, कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हणावं तशा. शारजात रोल्लाच्या त्यांच्या बिल्डिंगीत लिफ्ट तर वर्तमानपत्रासारखी वाचावी लागे. ‘सोफा विकणे आहे, फॅमिली परत जात आहे.’ ‘फ्रिज, पलंग, फॅमिली परत जात आहे.’ बायकामुलांना भारतात धाडायचं आणि नवऱ्याने बेडस्पेस, म्हणजे खोलीतला नुसता एक पलंग, भाड्याने घेऊन चार परक्यांबरोबर अंडी उकडून खायची, अशी त्या साली रीतच पडली होती.

सूर्यकांतराव एका कंत्राटदार कंपनीत परचेस मॅनेजर. नोकरी राहिली होती, पण पगाराला चांगलीच कात्री लागली होती. तेव्हापासून एकदाच, टीव्हीकडे बघत, ते सहज म्हणाल्यासारखे म्हणाले होते, “पुण्यात आभाला शाळा चांगल्या आहेत, नाही?”

विभावरीला त्या रात्री झोप लागली नव्हती. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा रोल्लाच्या चौकात संध्याकाळी अख्खा हिंदुस्तान-पाकिस्तान हवा खायला जमायचा. पत्राला पंधरा दिवस लागायचे आणि पुण्याच्या फोनसाठी पीसीओपुढे रांग लावावी लागायची. त्यांची लेक आभा तर जन्मापासून इथलीच. जिना उतरतानाही ती इंग्रजीत धडपडायची! आणि आता इतक्या वर्षांनी सामान बांधून दोघी जायचं, आणि हा माणूस इथे एकटा अंडी उकडणार? त्याला अंडं सोलता येत नव्हतं!

म्हणून तिने हातपाय हलवले. मराठी मंडळाच्या सेक्रेटरी सुजाता करंदीकर यांना भेटून पाडव्याच्या कार्यक्रमाच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर मिळवली. पोळ्या पसंत पडल्या तर मंडळाचं दर महिन्याचं खाणं तिच्याकडे. म्हणजे आभाची फी सुटली, म्हणजे पुणं टळलं. इतका सरळ हिशोब होता.

“तू कमवतेस, मग मी वाचवतो,” सूर्यकांतराव म्हणाले, आणि त्यांची नजर गॅसवर गेली.

त्यांच्याकडे गॅस यायचा तो खालच्या गल्लीतल्या हारुनभाईंच्या दुकानातून. आणायचा वली. लिफ्टमध्ये सिलिंडरला बंदी, म्हणून तो खांद्यावर घेऊन चार जिने चढायचा, नळी जोडायचा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचा आणि मग उंबऱ्यातच उभा राहून एक कप चहा प्यायचा. एक मिस्ड कॉल दिला की वली हजर. आभा रांगायला लागली त्याच्याही आधीपासून हे असंच चाललेलं.

आता हारुनभाईंनी निरोप धाडला होता. तेलाचे भाव खाली आलेत, पण पुढचं कुणी सांगावं? साहेबांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर आजचाच रेट वर्षभर फिक्स.

“पंच्याहत्तर दिरहम! म्हणजे हजार रुपये! एका सिलिंडरला!” सूर्यकांतराव कडाडले. “आणि हा फिक्स करायचा? उद्या भाव पडला तर? आणि नाही केला आणि चढला तर? नाही, नाही. मार्केट तपासायला हवं. कोटेशन मागवतो.”

“अहो, गॅसवाल्याकडून कोटेशन?”

“कोटेशन आणि सँपल! सँपल बघितल्याशिवाय मी टाचणीसुद्धा घेत नाही.”

“गॅसचं सँपल कसं बघतात हो?”

“ते तू माझ्यावर सोड.”

विभावरीने सोडलं. तिच्या डोक्यात हरभऱ्याची डाळ होती. तिथेच चुकलं!

गुरुवारी ऑफिसातून येताना सूर्यकांतराव रोल्लाच्या गल्ल्यांतून हिंडले. दिसेल त्या गॅसच्या दुकानात शिरायचं, खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढायचं, त्याच्या मागे घराचा पत्ता लिहायचा आणि म्हणायचं, “वार्षिक सप्लाय का मामला है. कल सुबह सँपल भेजो, फिर रेट की बात करेंगे.” माणूस हाडाचा परचेसवाला. कार्ड देणं हे त्यांचं शिंकण्यासारखं होतं, आपोआप व्हायचं. त्या कार्डावर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि खाली ‘परचेस मॅनेजर’. आता या कंपनीचे मोठमोठे लेबर कॅम्प आहेत, हे रोल्लात पानवाल्यालासुद्धा माहीत होतं. मंदीत माशा मारत बसलेल्या त्या गॅसवाल्यांना ते कार्ड बघून काय वाटलं असेल, याची कल्पना सूर्यकांतराव सोडून कुणालाही आली असती!

शुक्रवारी पाडवा. सकाळीच बाल्कनीत गुढी उभारून झाली. पार्कातल्या झाडाचा कडुलिंब होता. तांबड्या सिल्कचा खण खाडीवरच्या वाऱ्यात मजेत फडफडत होता. विभावरीचं पुरण वाटून तयार होतं, सोनेरी, जायफळाच्या वासाचं. कणीक तिंबून तेलात निवांत पडली होती. तवा चढवणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक धिप्पाड पठाण. खांद्यावर सिलिंडर, अंगावर इस्त्रीचा सदरा.

“साब का सँपल.”

मागोमाग एक केरळी गृहस्थ धापा टाकत आले. सिलिंडर त्यांच्या माणसाच्या खांद्यावर होता आणि त्यांच्या स्वतःच्या हातात मिठाईचा डबा! त्यांच्यामागे एक बंगाली. त्याने तर सिलिंडरला गोंड्यांची लाल फीत बांधली होती. वॉचमन रफिक जिन्यावरून ओरडत वर आला, “साब, ये क्या है? सिलिंडर का बारात?”

समोरच्या दारातून कुलसुमआपांनी डोकं बाहेर काढलं. हैद्राबादच्या. विभावरीच्या शेजारात त्यांचे केस पांढरे झालेले. “क्या जी विभा, दुकान खोल लिए क्या?”

सूर्यकांतराव मात्र खुशीत. लुंगीवर ऑफिसचा शर्ट चढवून ते पॅसेजमध्ये उभे राहिले. “वेलकम, वेलकम. एकेक करके. टेक्निकल इव्हॅल्युएशन होगा.”

“कसलं इव्हॅल्युएशन? अहो, माझा तवा!”

“पाच मिनिटं, विभा. प्रत्येकाच्या गॅसवर एकाच पातेल्यात तितकंच पाणी उकळायचं. ज्याचं लवकर उकळेल त्याचा गॅस दमदार. आभा, मोबाईलवर स्टॉपवॉच लाव.”

“बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग,” आभा म्हणाली, पण स्टॉपवॉच लावलं.

पठाणाने वलीचा सिलिंडर सोडवून बाजूला ठेवला आणि आपला जोडला. पाणी उकळलं. मग केरळी शेठनी पठाणाचा काढला, आपला जोडला आणि पाणी उकळेपर्यंत पातेल्याकडे असे हात जोडून उभे राहिले की जणू अभिषेक चाललाय. बंगाल्याचं पाणी उकळायला वेळ लागला म्हणून तो म्हणाला, बाईंच्या नळात खोट आहे. पठाण म्हणाला, खोट तुझ्या गॅसमध्ये आहे. केरळी शेठ म्हणाले, दोघांतही आहे. ओट्यापाशी सगळे एकदम बोलू लागले. पुरणाच्या पातेल्यावर विभावरी दोन्ही हात पसरून उभी राहिली, कोंबडी पिलांवर उभी राहते तशी!

आणि नेमका त्याच वेळी वली आला.

तो आला होता कुलसुमआपांचा सिलिंडर घेऊन. विभावरीचं दार सताड उघडं. त्याने आत पाहिलं. परके लोक, परके सिलिंडर, आणि त्याचा स्वतःचा कोपऱ्यात, घरातून काढलेल्या भाडेकरूसारखा.

“भाभी,” तो म्हणाला, “बोल देते. मैं खुद खोल के ले जाता.”

“अरे वली, तसं नाही… वैसा नहीं है, सुनो तो!”

वलीने ऐकलं नाही. त्याने आपला सिलिंडर उचलला, रेग्युलेटर काढला, नळीसुद्धा गुंडाळून खांद्यावर टाकली, कारण तीही दुकानाचीच होती. आणि चहासाठी न थांबता निघून गेला. विभावरीचे डोळे भरून आले. सूर्यकांतराव म्हणाले, “विभा, बिझिनेसमध्ये भावनेला जागा नसते.”

केरळी शेठनी घसा साफ केला. “सार, अब काम का बात. कॅम्प किदर है? सोनापूर?”

“कसला कॅम्प?”

“लेबर कॅम्प, सार. कितना आदमी का मेस है? डेली कितना सिलिंडर?”

“मेस-बिस कुछ नहीं,” सूर्यकांतराव अभिमानाने म्हणाले, “ये मेरे घर का टेंडर है. तीन आदमी. दो महिने में एक सिलिंडर.”

केरळी शेठनी खिशातून ते सोनेरी कार्ड काढून पुन्हा एकदा पुढूनमागून वाचलं.

“दो महिने में… एक?” पठाण म्हणाला.

“सँपल पसंद आया तो.”

पुढचं फार भराभर झालं. केरळी शेठनी मिठाईचा डबा आभाच्या हातून अलगद काढून घेतला. बंगाल्याने आधी लाल फीत सोडवली, मग सिलिंडर खांद्यावर घेतला. पठाणाने सूर्यकांतरावांकडे असं पाहिलं की ते आपोआप आभाच्या मागे सरकले. खालून मशिदीचा भोंगा सुरू झाला. जुम्मा! “यल्ला, खलास!” म्हणत सगळे सिलिंडर जिन्याने उतरून गेले.

घरात गॅसच्या जागी आता फरशीवर एक गोल डाग तेवढा होता.

“काही हरकत नाही,” सूर्यकांतराव म्हणाले. “कुणालाही फोन करतो.”

“करा. कुणाला करताय? सगळे नमाजाला गेलेत. दुपारपर्यंत आख्ख्या रोल्लात सुई मिळणार नाही. आणि पाच वाजता पोळ्या दुबईत पोचायच्यात.”

“मग इलेक्ट्रिक शेगडी! ज्या माणसाने…”

“अहो!”

पण शेगडी लावलीच. ती लाल झाली, मग फट्ट झालं आणि एसी, फ्रिज, ट्यूबलाईट सगळं एकदम गेलं. मार्चातला उकाडा हलक्या पावलाने घरात शिरला.

विभावरी पुरणाच्या पातेल्यासमोर खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “मी पुण्याला गेले तर हे पातेलं इथेच ठेवून जाईन. तुम्हाला अंडी उकडायला.”

सूर्यकांतरावांचा चेहरा एकदम बंद पडलेल्या दुकानासारखा झाला.

“उठ गे माय!” दारातून आवाज आला. कुलसुमआपा पदर खोचून उभ्या होत्या. “बिर्याणी दम पे है, एक चूल्हा खाली है. चल. और नीचे रुकय्या के घर भी एक खाली है, मैं बोल दी उसको.”

रुकय्या दुसऱ्या मजल्यावरची, केरळची नर्स, नाईट ड्यूटी करून नुकतीच घरी आलेली. झोपायचं सोडून तिने ओटा पुसून ठेवला होता.

मग जी वरात निघाली ती खरी! पुढे विभावरी, कडेवर पुरणाचं पातेलं. मागे आभा पोळपाट-लाटणं घेऊन. शेवटी परचेस मॅनेजर, दोन्ही हातांत कणकेची परात, आणि परातीवर साजूक तुपाचा डबा. अर्ध्या कणकेची आणि पुरणाची रवानगी खाली रुकय्याकडे झाली. सोबत आभा.

कुलसुमआपांच्या ओट्यापाशी विभावरी लाटायला लागली. आपा भाजत होत्या. पहिल्याच पोळीवर त्यांनी तूप सोडलं आणि घमघमाट सुटला.

“आपा, हे कसलं तूप?”

“मेराच है जी. बिर्याणी का. केवडा है, थोडी जाफरान है.”

“अयाई गं!” विभावरीने कपाळावर पिठाचा हात मारून घेतला. पण तोवर आपांनी हौसेने अजून चार पोळ्या न्हाऊ घातल्या होत्या.

खाली निराळीच तऱ्हा. रुकय्या लहानपणापासून पत्तिरी लाटत आलेली. तांदळाच्या त्या भाकऱ्या इतक्या पातळ असतात की त्यातून पेपर वाचता येतो. तिने पुरणपोळीही तशीच लाटली! आभा मात्र लाटणं पहिल्यांदाच हातात धरत होती. तिच्या पोळ्या जाडजूड झाल्या, बालवाडीतल्या मुलासारख्या गुटगुटीत. सूर्यकांतराव जिन्याने वरखाली धावत होते, रिकामी ताटं न्यायची, भरलेली आणायची. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, मिशीला पीठ. “क्वालिटी व्हेरिएशन फार आहे गं,” ते एकदा कुजबुजले. विभावरीने लाटणं उचललं, तसे ते ताट घेऊन खाली पळाले.

नमाजाहून वली परत आला. कुलसुमआपांचा सिलिंडर तो सकाळी रागाच्या भरात दारातच टाकून गेला होता. आत येऊन बघतो तर भाभी परक्या चुलीवर, डोळे धुराने की कशाने लाल.

“वली,” विभावरी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मैं दुसरे का गॅस नहीं लूँगी. और फिक्स-बिक्स भी नहीं करूँगी. जो भाव होगा, तुम बोलना, मैं दूँगी. बस.”

तिने एक पोळी त्याच्या हातावर ठेवली. वलीने ती उभ्या उभ्या खाल्ली. मग म्हणाला, “भाभी, आप से तो नाराज कभी था ही नहीं. साब से हूँ.”

“रहो. मैं भी हूँ.”

तासाभरात तिच्या ओट्यावर निळी ज्योत पेटली. शेवटचा घाणा आपल्या चुलीवर झाला.

संध्याकाळी दुबईत शाळेच्या हॉलमध्ये सुजाताबाईंनी डबा उघडला. सुजाताबाई जिभेच्या फार तिखट. गेल्या वर्षीच्या आचाऱ्याला त्यांनी त्याचीच बासुंदी सगळ्यांदेखत परत प्यायला लावली होती. त्यांनी एक पातळ पोळी उचलली, मग एक गुटगुटीत, मग एकीला नाक लावलं.

“हे काय विभावरी? या सगळ्या वेगवेगळ्या?”

“त्याचं असं झालं,” सूर्यकांतरावांनी तोंड उघडलं. विभावरीने त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला टाचेने दिला.

सुजाताबाईंनी केवड्याच्या पोळीचा तुकडा तोंडात टाकला. चावला. डोळे मिटले. आजूबाजूला झांजा वाजत होत्या, पोरं धावत होती, पण विभावरीला फक्त त्यांचे गाल हलताना दिसत होते.

“अगं, तीन प्रकार केलेस!” सुजाताबाई म्हणाल्या. “आणि मला पत्ता नाही! म्हाताऱ्यांना पातळ, पोरांना जाड, आणि ही शाही! पुढच्या महिन्यापासून सगळं तुझ्याकडे. पण ही केवड्याची दर वेळी हवी हं.”

परतीच्या वाटेवर शारजाचा तो नेहमीचा ट्रॅफिक लागला. गाड्यांचे लाल दिवे पार क्षितिजापर्यंत. एरवी विभावरी त्याला शिव्या घालायची. आज तिला ते दिवे दिवाळीसारखे वाटले. म्हणजे आता हा रस्ता आपला राहिला. हा ट्रॅफिकही आपला!

सूर्यकांतराव गाडी चालवत होते. दिवसभराच्या जिन्यांनी गुडघे बोलत होते, पण चेहऱ्यावर समाधान. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. विभावरीने उचलला.

“हॅलो? मॅडम, ट्रॅव्हल एजन्सी से बोल रहा हूँ, रोल्ला. सूर्यकांत सर ने रेट पूछा था ना? पुणे, दो टिकट, वन वे. सीट रख दिया है, मॅडम. कल तक पैसा भेजो.”

विभावरीने फोन ठेवला.

“वन वे?” ती म्हणाली.

“अगं, ते नुसतं… मागच्या आठवड्यात… नुसतं कोटेशन मागवलं होतं,” सूर्यकांतराव समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत म्हणाले. “तुमच्याशिवाय मी इथे… म्हणजे मला नको होतं, पण म्हटलं, रेट माहीत असावा.”

फोन पुन्हा वाजला. दुसरी एजन्सी. तिनेही सीट ठेवल्या होत्या.

“बाबा,” मागून आभा म्हणाली, “प्लीज टेल मी यू डिडंट आस्क फॉर अ सँपल.”

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा विभावरी शांत आवाजात बोलली.

“हाँ भाईसाब. दो नहीं, एक टिकट कर दो. वन वे ही रखो. और नाम बदल दो. लिखो, सूर्यकांत.”

ट्रॅफिक एक गाडीभर पुढे सरकला. मग स्टेअरिंगच्या मागून अगदी बारीक आवाज आला.

“रेट काय म्हणाला?”